पंधरा अंशांचं पाणी

बारामती
११ ऑक्टोबर १९३४

मोहन,

"त्याला कुणी खोटं पाडू नका गं, मग तो जेवत नाही." आईचं हे वाक्य तुला ठाऊक असायचं कारण नाही, कारण ते ती मला चुलीपाशी बोलावून हळूच म्हणाली होती. तू पाढा चुकला होतास आणि मी हसले होते. तेव्हापासून आपल्या घरात तुला कुणी खोटं पाडलं नाही. मी तर नाहीच. आज पाडणार आहे. आधी जेवून घे, मग पुढचं वाच.

सारजा गेली. अंथुर्ण्याच्या म्हस्कूची बायको. उन्हाळ्यात तू आमच्या ओट्यावर काचेच्या नळ्यांची पेटी मांडून बसला होतास, तेव्हा ती ताकाचं गाडगं घेऊन आली होती. "दादा, ह्या नळ्यांत काय शिजवताय?" असं तिनं तुला विचारलं आणि तू म्हणालास, "खरं आणि खोटं वेगळं करतोय." तिला ते फार आवडलं. जाताना पायरी उतरता उतरता स्वतःशीच म्हणत होती, "आमच्या सासूला घाला की नळीत."

भाद्रपदात तिला हीव भरलं. कालव्याकाठच्या गावांना हे नवं नाही. पाणी आलं, ऊस आला, डास आले आणि पाठोपाठ हिवताप आला. दरसाल म्हस्कू ह्यांच्याकडून क्विनीनच्या पुड्या नेतो आणि आठवड्याभरात आजारी माणूस उठून खुरपायला लागतं. यंदाही पुड्या घरात होत्या, चैत्रातच नेऊन ठेवलेल्या. त्यानं त्या कालव्यात फेकल्या. सारजेचं दिवसपाणी उरकल्यावर तो दुकानात आला. मला वाटलं आता शिव्या देईल. तो फळीवर बसला आणि ह्यांना म्हणाला,

"शेठ, तुमच्यावर राग न्हाय माझा. पर तुमच्या मेव्हण्यानंच छापलंया, पावडरीत भेसळ हाय. घरचाच माणूस सांगतोय म्हंजी खरंच असंल, असं वाटलं मला. तिला म्हनलं, कशापायी इख खातीस."

ह्यांनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. ते बोलतच नाहीत हल्ली, पण प्रकृती बरी आहे. काळजी नसावी, आणि ती तुला आहे असंही नाही.

मोहन, पुण्याच्या वर्तमानपत्रात तू लिहिलंस ते मी पाठ होईपर्यंत वाचलं. "बारामतीतील एका नामांकित औषधी दुकानातील क्विनीन." नाव लिहिलं नाहीस, केवढी माया. बारामतीत तसं दुकान एकच आहे हे तुला माहीत होतं, कारण त्या दुकानाच्या मागच्या खोलीत तू दोन महिने राहून मॅट्रिकचा अभ्यास केलास.

इंदापूरच्या बाजारात तू त्या फिरत्या विक्रेत्याला पकडलंस ते बरोबर केलंस. आयोडीनचा थेंब टाकताच त्याची पावडर निळी झाली, म्हणजे तिच्यात मैदा होता. आम्लाचा थेंब टाकला तर फसफसली, म्हणजे खडू होता. माणसं टाळ्या वाजवत होती असं तू सांगितलंस, आणि तुझा चेहरा इतका फुलला होता की मी तुला दुसऱ्यांदा वाढलं. पण आमची पावडर निळी झाली नाही, फसफसलीही नाही. मग तू म्हणालास की आता बारीक परीक्षा करायला हवी. सिंकोनाच्या त्याच सालीतून क्विनीनबरोबर दुसरं एक स्वस्त द्रव्य निघतं, तितकंच कडू, तितकंच पांढरं, आणि लबाड व्यापारी ते मिसळतात. ते ओळखायला पावडर पंधरा अंशांच्या पाण्यात घोळायची, गाळायची, आणि गाळलेल्या पाण्यात अमोनिया घालत जायचा. पाणी आधी गढूळ होतं, ते पुन्हा नितळ व्हायला ठरलेल्या मापापेक्षा जास्त अमोनिया लागला तर भेसळ.

हे सगळं तूच मला समजावलंस. मला समजावायला तुला नेहमीच आवडायचं.

तुझ्या लेखात छापलं आहे, "पाण्याचे उष्णतामान पंधरा अंश होते." मी तुला विचारते, कशावरून? तुझा थर्मामीटर इंदापूरहून येताना अंथुर्ण्याच्या पुढच्या खड्ड्यात मोटर आदळली तेव्हा फुटला. पेटी उघडून तूच मला काचा दाखवल्यास. मे महिना होता. तू म्हणालास, "अक्का, माठातलं पाणी दे, ते गारच असतं." मी दिलं. तू बोट बुडवलंस आणि म्हणालास, "झकास." त्या बोटाचे पंधरा अंश कधी झाले?

उत्तर पाठव. खुशाली लिहू नकोस.

द्वारका


बारामती
१२ नोव्हेंबर १९३४

मोहन,

भाऊबीजेला तू आला नाहीस. लुगडं आलं. ते या पत्राबरोबर परत पाठवते आहे. घडी मोडलेली नाही, दुकानदार परत घेईल.

तुझं उत्तर मिळालं. "पाणी गारच होते, चार अंश इकडे तिकडे झाल्याने काही बिघडत नाही," असं लिहितोस. चार की चौदा, हे कुणी मोजलं? आणि पुढचं वाक्य मी ह्यांना दाखवलं नाही. "शास्त्रात नाते येत नाही, अक्का." अरे, मी तुझ्याकडे नातं मागितलंच नाही. मी शास्त्र मागते आहे. तू मोजलं नाहीस आणि मोजलं असं लिहिलंस. हे शास्त्र कुठल्या कॉलेजात शिकवतात?

ह्यांच्याकडे कालपासून कुणी हिंगाची पुडीही न्यायला आलं नाही. हे लिहायचं नव्हतं, पण लिहून गेले. खोडत नाही.

द्वारका


इंदापूर
१६ जानेवारी १९३५

मोहन,

संक्रांत झाली. तुला तिळगूळ पाठवलेला नाही, कारण त्याबरोबर जे म्हणायचं असतं ते मला म्हणवत नाही.

मी चार दिवस इंदापुरात डॉक्टर सावळारामपंतांकडे आले आहे. सरकारी दवाखान्यातले. त्यांची बायको गोजरबाई माझी शाळेतली मैत्रीण. हे बरोबर नाहीत, ते जळोचीच्या मळ्यात असतात. तिथं वांगी लावली आहेत आणि हवाही चांगली आहे.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. माठसुद्धा. त्यांनी तुझा पक्ष घेतला, हेही सांगते. म्हणाले, "तुमचा भाऊ हुशार आहे. पंधरा अंश लिहिलं ते चूक, पण त्यानं निकाल बदलेल असं मला वाटत नाही. करून बघू." त्यांनी पुण्याहून नवा थर्मामीटर मागवला. पावडर आमच्याच बाटलीतली. तू नमुना काढून घेतलास त्याच क्षणी ह्यांनी त्या बाटलीच्या तोंडाला लाख लावून ठेवली होती, ती तुझ्या समोरच लावली होती. डॉक्टरांनी लाख फोडली.

पौषातली पहाट तुला माहीत आहे. डॉक्टर अंगणात घोंगडी पांघरून बसले, पुढे पाण्याची बादली आणि तीत काचेची नळी. गोजरबाई दारातून म्हणाली, "पाणी गार आहे का ते बघायला काच कशाला पाहिजे? आंघोळीला बसा, लगेच कळेल." डॉक्टर म्हणाले, "तू बस आधी, मी आकडा लिहून घेतो." पारा पंधरावर आला. त्यांनी पावडर घोळली, गाळली, अमोनिया घातला. पाणी नितळ झालं आणि माप भरायला अजून जागा शिल्लक होती. मोहन, पावडर शुद्ध निघाली.

मला वाटलं, डॉक्टर आमच्या बाजूनं झुकून करताहेत. त्यांनाही बहुधा तेच वाटलं असावं, कारण दुपारी त्यांनी पुन्हा मांडलं. या वेळी पाणी उन्हात ठेवून तीस अंशांवर आणलं. पावडर तीच, हात तोच. माप ओलांडलं तरी पाणी गढूळच. तुझ्या हिशेबानं भेसळ. डॉक्टरांनी तो आकडा लिहून घेतला. मग आत गेले आणि दवाखान्याची सीलबंद बाटली घेऊन आले. सरकारी कोठारातून आलेली, जिच्यावर तूसुद्धा शंका घेणार नाहीस. तिचं क्विनीन त्याच ऊन पाण्यात घातलं. तेही माप ओलांडून गेलं.

म्हणजे तुझ्या माठानं तपासलं असतं तर सरकारही भेसळवालं ठरलं असतं.

डॉक्टरांनी मला कारण सांगितलं. गार पाण्यात साखर थोडी विरघळते, ऊन पाण्यात जास्त, तसंच. ऊन पाण्यात चांगलं क्विनीनच जास्त उतरतं, त्याला अमोनिया जास्त लागतो आणि आपण समजतो की दुसरं काही मिसळलं आहे. तुमचं पुस्तक लिहिणाऱ्यांच्या गावी पंधरा अंश म्हणजे नळ सोडला की येणारं पाणी. आपल्याकडे मे महिन्यात पंधरा अंश म्हणजे बर्फ. तुझ्या माठाचं पाणी पंचवीसच्या खाली उतरणं शक्य नव्हतं. बाहेर भट्टी पेटलेली असताना माणसाच्या बोटाला ते बर्फासारखं लागतं, इतकंच. तू बारामतीचा आहेस म्हणून चुकलास. परमुलखातल्या माणसाला आमच्या माठाचं पाणी गार वाटलंच नसतं.

डॉक्टर तुला सविस्तर आकडे पाठवताहेत. मला आता तुझ्या शिक्षेची हौस नाही. चुकलं तर चुकलं. ज्या वर्तमानपत्रात लिहिलंस त्याच वर्तमानपत्रात चार ओळी लिही, की बारामतीच्या पावडरीविषयीचा माझा निष्कर्ष चुकला. माणसं पुन्हा पुड्या नेऊ लागतील. श्रावणाला अजून अवकाश आहे. एवढं केलंस तर मी स्वतः पुण्याला येऊन ते लुगडं नेसेन.

अक्का


बारामती
२१ मे १९३५

मोहन,

तुझं मासिक आलं. तू पाठवलं नाहीस, डॉक्टरांनी पाठवलं. "उष्ण प्रदेशांत क्विनीनच्या परीक्षणात होणारा दोष व त्याचे निवारण." खाली तुझं पूर्ण नाव आणि नवा हुद्दा. हुद्द्याबद्दल अभिनंदन.

मी तो लेख वाचला. सगळा. चांगला लिहिला आहेस, हे म्हणायला मला किती जड जातं आहे ते तुला कळणार नाही. बर्फाशिवाय ही परीक्षा करू नये. नळी बर्फाच्या पाण्यात अर्धा तास धरावी. प्रत्येक वेळी शेजारी एक खात्रीची शुद्ध पावडर तशीच तपासून बघावी, म्हणजे हवेचा दोष औषधाच्या माथी बसणार नाही. हे फार चांगलं आहे. कलकत्त्यापर्यंतचे लोक आता असं करतील आणि कुणा भल्या दुकानदाराची मान वाचेल. वाचताना मला एक क्षणभर आईची आठवण आली, तिला वाचून दाखवायला हवं होतं असं वाटलं. पुढच्याच क्षणी पान फाडावंसं वाटलं.

कारण तू लिहितोस, "असे घडू शकते, की शुद्ध औषधही अशुद्ध ठरावे." घडू शकते? घडलं, मोहन. कुठं घडलं, कुणाच्या हातून घडलं, कुणाच्या बाटलीवर घडलं, यातलं एक अक्षर नाही. बारामती नाही. ओटा नाही. सावळारामपंत नाहीत, ज्यांचे आकडे तू जसेच्या तसे घेतलेस आणि खाली "एका मित्राच्या सौजन्याने" असं लिहिलंस. डॉक्टर हसले. म्हणाले, "वहिनी, मला नावाची हौस नाही. पद्धत बरोबर झाली ना." ते साधू आहेत. मी नाही.

आमच्यावर पडून तू शहाणा झालास. शहाणपण तुझं आणि पडणं आमचं, अशी वाटणी केलीस.

तुझं फेब्रुवारीचं पत्र माझ्यापुढे आहे. तू म्हणतोस, शास्त्राचा शब्द एकदा जाहीर मागे घेतला की इंदापूरच्या त्या मैदावाल्यासारखे शंभर जण म्हणतील, आमचीही परीक्षा चुकलीच होती, आणि मोकाट सुटतील. यावर मी खूप विचार केला. तुझ्या म्हणण्यात थोडं खरं आहे. भेसळवाले आहेत, गरिबांच्या जिवावर उठलेले आहेत, आणि तू त्यांच्या मागे लागलास तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता, अजून वाटतो. पण मग खऱ्या चोराला धरायला खोटा चोर तसाच उभा ठेवायचा? आणि तोही बहिणीचा नवरा?

मी तुला जानेवारीत लिहिलं, की हे मळ्यात असतात, हवा चांगली आहे. हवेसाठी गेलेले नाहीत. बाजारात एकानं ह्यांना हाक मारली, "काय मैदाशेठ, आज किती मिसळला?" माणसं हसली. हे घरी आले, शर्ट खुंटीला लावला आणि दुसऱ्या दिवशी जळोचीला गेले. दुकान मी उघडते, मी बंद करते. संध्याकाळी मळ्यात डबा घेऊन जाते. ते वांग्यांना पाणी देत असतात. तुझा विषय काढला की म्हणतात, "पोरगा आहे, जाऊ दे." तू बत्तीस वर्षांचा आहेस.

त्यांनी तुला पहिल्या दिवसापासून आपला धाकटा भाऊ मानलं. एका शब्दानं तुला दोष देत नाहीत. म्हणूनच मला तुला शिव्या द्याव्या लागतात. दोघांच्या वाटच्या.

द्वारका


बारामती
२८ जुलै १९३५

मोहन,

हे पत्र शांतपणे लिहिते आहे. चौथ्यांदा लिहायला घेतलं, आधीची तीन चुलीत गेली.

परवाच्या गुरुवारी डॉक्टर बारामतीच्या बाजारात आले होते. दुकानासमोर उभं राहून त्यांनी तुझा नवा लेख लोकांना वाचून दाखवला, सोप्या भाषेत समजावून. आमची बाटलीही हातात धरली. वीस-पंचवीस माणसं होती. अंथुर्ण्याचा म्हस्कू होता आणि त्याची आई ठमाबाई. तिच्या कडेवर सारजेचा जोतीराम. अडीच वर्षांचा आहे. डोळे आईचेच आहेत.

डॉक्टरांचं बोलणं झाल्यावर ठमाबाई म्हणाली, "डाक्टर, मागल्या साली त्योच म्हनला पावडर वाईट. आता त्योच म्हनतोय चांगली. दोन्ही कागुदच हायत. माझी सून पयल्या कागदानं गेली. नातू दुसऱ्या कागदावर कसा टाकू?"

डॉक्टर म्हणाले, "मग माझ्यावर विश्वास ठेवा. मी खाऊन दाखवतो."

"तुमी शेठचं दोस्त. तुमी खानारच." लोक हसले. ती हसली नाही. "ज्यानं वाईट म्हनलं, त्यानं खावं. हितं येऊन, माझ्या डोळ्यांम्होरं. मग देते पोराला."

मी काउंटरच्या आत होते. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. संक्रांतीपासून मी तुझ्याकडे चार ओळी मागत होते. त्या चार ओळी छापून आल्या असत्या तरी तिनं त्यांना तिसरा कागदच म्हटलं असतं. तिला काय हवं हे तिनं तुझ्यामाझ्यापेक्षा नेमकं सांगितलं, आणि ते मागायचा तिला हक्क आहे.

काल म्हस्कू एकटा आला होता. जोतीरामला हीव भरतंय. एक दिवसाआड, दुपारी, दातावर दात. ठमाबाई त्याला निंबाचा काढा पाजते आहे आणि पुडीला हात लावू देत नाही. म्हस्कूला पुडी न्यायची होती, चोरून. त्यानं हातात घेतली, वजन केल्यासारखी तळव्यावर धरली आणि परत ठेवली. म्हणाला, "आय बगंल. आन् माझंबी मन धजत न्हाय, वैनी." डॉक्टर इंदापूरहून जाऊन आले. ती त्यांना दारात बसवून ताक देते, पोराला दाखवते, औषध मात्र नाही.

आता मला तुझा लेख नको. माफी नको. वर्तमानपत्रातल्या ओळी नकोत. ह्यांच्या नावाचं काय व्हायचं ते होईल. पंधरा अंशांचं मी कुणाला सांगणार नाही. गोजरबाई आणि डॉक्टर सोडून ते कुणाला माहीत नाही, आणि तेही बोलणार नाहीत. तुझा हुद्दा शाबूत राहील. तुझ्या साहेबांना कळणारही नाही, म्हण बहिणीकडे जातो.

येत्या गुरुवारी ये. पुण्याहून रात्रीची गाडी दौंडला सकाळची गाडी गाठून देते, दहाच्या सुमाराला तू बारामतीत असशील. बाजार भरलेला असेल. ठमाबाईला मी निरोप धाडला आहे, ती पोराला घेऊन येईल. हेही येतील. मी अजून विचारलेलं नाही, पण तू येणार म्हटल्यावर ते मळ्यात राहणार नाहीत. दुकानाच्या पायरीवर उभा राहा, त्याच बाटलीतली एक पुडी ह्यांच्या हातून घे, आणि तिच्या समोर गिळ. एक शब्द बोलू नकोस. तोंड कडू होईल, तेवढंच.

तू येणार नाहीस. रजा नाही असं लिहिशील, किंवा हे शास्त्राला शोभत नाही असं लिहिशील. नोकरीवरच्या माणसानं बाजारात उभं राहून पुडी गिळणं म्हणजे तमाशा, असंही लिहिशील. गेल्या नऊ महिन्यांत मी तुला ओळखू लागले आहे. तरीही मागते आहे, कारण पोराची पाळी पुन्हा उद्या दुपारी आहे आणि तुझ्याशिवाय हे दुसऱ्या कुणाच्या हातून होण्यासारखं नाही.

ये, आणि ती पुडी खा.

अक्का